घाबरवणारा गेम कसा बांधावा: लश्करच्या एका वाड्यातून सुरुवात

जानेवारीत ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात धुकं उतरतं तेव्हा समोरच्या घराचं दारही दिसेनासं होतं. गल्ली रोजचीच असते, दूधवालाही रोजचाच, त्याच्या सायकलला अडकवलेल्या बरण्यांचा खणखणाट लांबून ओळखू येतो. पण माणूस दिसत नाही, नुसता आवाज जवळ येत राहतो. दूधवालाच आहे हे पक्कं ठाऊक असूनही तो दिसेपर्यंत पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नाही.

हॉरर गेम करायचाय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी हेच आठवायला सांगते. ती येतात ती राक्षसाचं मॉडेल, किंकाळ्यांच्या फाइली आणि रक्ताचं टेक्स्चर डाउनलोड करूनच. यातलं पहिल्या महिन्यात काहीही लागत नाही. ज्या घराची खेळणाऱ्याला नीट ओळख झाली आहे, त्याच घराबद्दल त्याच्या मनात शंका पडली की भीती सुरू होते. म्हणून आधी घर, मग ओळख, आणि शंका सगळ्यात शेवटी, याच क्रमाने आपण जाऊ.

हत्यारं थोडीच लागतात. गेम इंजिन, म्हणजे ज्यात गेम जोडून चालवतात ते सॉफ्टवेअर, म्हणून गोडो घ्या. ते फुकट आहे, मुक्त आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. मॉडेलसाठी, म्हणजे त्रिमितीय वस्तू घडवायला, ब्लेंडर आणि आवाजासाठी ऑडॅसिटी, हीदेखील फुकट आहेत. बाकी एक मोबाइल, एक हेडफोन आणि मोजायला टेप. पहिला गेम दहा मिनिटांचा ठेवा, एकाच घरात घडणारा. शहर, जंगल, हॉस्पिटल असलं काही नको.

पहिली पायरी: खरं घर मोजा

लश्कर म्हणजे मुळात छावणीच. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि त्याचंच पुढे शहर झालं. तेव्हापासून इथे आलेल्या मराठी घरांनी आपले वाडे बांधले, पण छताला इथल्याच दगडाच्या लांब पट्ट्या घातल्या. असा एखादा वाडा तुमच्या नात्यात, ओळखीत असेल तर परवानगी काढून एक दिवस तिथे घालवा. नसेल तर स्वतःचं घर मोजा, फ्लॅट असला तरी चालेल.

काय मोजायचं? दिंडी दरवाजाची उंची, म्हणजे किती वाकावं लागतं. ओसरीपासून माजघरापर्यंतची पावलं. जिन्याची रुंदी आणि पायऱ्यांची संख्या. कोनाडे कुठे आहेत, खुंट्या कुठे आहेत, अडसर कोणत्या बाजूने सरकतो. गोडोत एक एकक म्हणजे एक मीटर, त्यामुळे टेपवरचे आकडे थेट वापरता येतात. कॅमेरा जमिनीपासून १.६ मीटरवर ठेवा. खेळणारं पात्र लहान मूल असेल तर १.२ वर आणा. एवढ्याने माजघराचं दार मोठं होतं, फळीवरचे डबे हाताबाहेर जातात आणि सगळं घर आपल्यापेक्षा थोर वाटू लागतं.

नवे लोक खोल्या फार मोठ्या करतात. गेममध्ये फिरायला सोपं जावं म्हणून थोडी रुंदी वाढवावी लागते हे खरं, पण चार मीटर रुंदीच्या बोळात कोणी घाबरत नाही. बोळ सव्वा मीटरचा ठेवा आणि त्याला एक वळण द्या. वळणापलीकडचं दिसत नाही, एवढंच त्या वळणाचं काम.

दुसरी पायरी: आधी एक साधी संध्याकाळ

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते नव्या लोकांचे बहुतेक गेम इथेच पडतात. पहिल्या मिनिटालाच वीज गेली, दार आपटलं, भिंतीवर लाल अक्षरं उमटली, तर खेळणाऱ्याकडे गमावण्यासारखं काय उरलं? त्या घरात कधी काही ठीक होतं हे त्याने पाहिलेलंच नसतं.

मी शिकवताना एकच गोष्ट वापरते. दहा वर्षांचा नातू सुट्टीत लश्करला आलाय. दिवेलागणीची वेळ. माजघरात आजी झोपाळ्यावर बसली आहे, पाठ आपल्याकडे. ती तीन कामं सांगते: देवापुढे दिवा लाव, बंबातलं गरम पाणी न्हाणीघरात ओत, दिंडी दरवाजाला अडसर घाल. एवढं केलं की पहिली रात्र संपते. काहीही घडत नाही. तीन मिनिटं पोरगा फक्त घरभर फिरतो, आणि झोपाळ्याच्या कड्यांची कर्र-कर्र सगळीकडे ऐकू येत राहते, कुठे मोठी, कुठे बारीक.

या तीन मिनिटांत खेळणाऱ्याच्या डोक्यात घराचा नकाशा तयार होतो. कुठला दिवा कुठे आहे, कुठली फरशी हलते, आजी कुठे बसते. कोणी त्याला हे पाठ कर म्हटलेलं नसतं, म्हणूनच ते पक्कं बसतं.

दुसऱ्या रात्री आजी लग्नाला झाशीला गेलेली असते. घरात आपण एकटे. माजघराचं दार लोटलेलं. कामं तीच तीन. आणि झोपाळ्याची कर्र-कर्रही तशीच चालू.

बहुतेकांच्या हे लगेच लक्षात येत नाही, कारण तो आवाज त्यांच्या कानाला सरावाचा झालेला असतो. ज्याच्या लक्षात येतं तो बंबापाशी उभ्याउभ्या थबकतो. हाच क्षण आपल्याला हवा असतो, आणि तो मिळवायला एक ओळही जास्तीचा कोड लागलेला नाही.

तिसरी पायरी: आवाज

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. चित्र आणि आवाज यांतलं एकच नीट जमणार असेल तर आवाज निवडा. डोळे मिटता येतात, स्क्रीनवरून नजर काढता येते, कानाला मात्र पापणी नसते.

इंटरनेटवरच्या 'भुतहा' आवाजांच्या फाइली घेऊ नका. त्या सगळ्यांनी शंभरदा ऐकलेल्या असतात. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास, रस्ता शांत झाल्यावर रेकॉर्डिंगला बसा. आधी प्रत्येक खोलीची नुसती शांतता एकेक मिनिट घ्या. माजघराची शांतता आणि जिन्याची शांतता वेगळी असते. हेडफोन लावून ऐकलंत की हा फरक कळेल. गेममध्ये खोली बदलली की ही शांतताही बदलायला हवी. कोणाच्या ध्यानात येत नाही, पण ती नसली तर घर खोटं वाटतं.

मग वस्तू: कडी, अडसर, रहाट, पितळी घंगाळ्यात पडणारं पाणी, काडेपेटी. पावलांचे प्रत्येक जमिनीसाठी निदान सहा वेगळे नमुने घ्या. एकच पाऊल पुन्हापुन्हा वाजलं की मेंदू त्याला यंत्र म्हणून ओळखतो आणि भीती तिथेच विरते. गोडोत नमुने आलटूनपालटून वाजवण्याची आणि त्यांची पट्टी किंचित वरखाली करण्याची सोय आहे, ती वापरा.

आता झोपाळा. इथे मी तुम्हाला थांबवून सांगेन, कारण या गेमचा जीव इथेच आहे. झोपाळ्याचे तीन आवाज असतात. माणूस बसलेला असताना कड्या भारदस्त, दबून वाजतात. रिकामा झोपाळा हलका वाजतो आणि मंदावत मंदावत थांबतो. आणि माणूस उठतं तेव्हा कड्या एकदा खणकन हिसका खातात, मग रिकाम्या पाटाचा हलका आवाज सुरू होतो. तिन्ही वेगवेगळे रेकॉर्ड करा. ज्यांच्या घरी झोपाळा होता त्यांना हा फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांनी पहिल्या रात्री तो ऐकलेला असतो: अडसर घालून परतताना आजी उठून आत जाते.

हा आवाज खोलीतल्या नेमक्या जागेवरून येऊ द्या. त्यासाठी गोडोतला त्रिमितीय ऑडिओ प्लेअर वापरा, म्हणजे अंतराप्रमाणे आवाज आपोआप कमी होईल. लोटलेल्या दारापलीकडे असताना वरच्या पट्टीतला भाग गाळून टाका. भिंतीपलीकडून आवाज तसाच येतो, धार गेलेला.

संगीताबद्दल. भीतीची धून लावली की खेळणाऱ्याला आधीच कळतं, आता काहीतरी होणार. माझा आग्रह असा की धून नको, फार तर एक सूर ठेवा. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात वाढलेल्या माणसाला बेसूर तानपुरा किती अस्वस्थ करतो हे सांगायला नको. त्यामागे साधं गणित आहे. ११० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांचा, एक सूर आणि ११२ हर्ट्झचा दुसरा एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो, जणू कोणी श्वास घेतंय. पहिल्या रात्री दोन्ही सूर ११०वर, अगदी हळू ठेवा. दुसऱ्या रात्री तीन मिनिटांत एक सूर हळूहळू ११२वर न्या. कोणाला सांगता येणार नाही काय बदललं, पण अंगाला कळतं.

खूप खालच्या सुरांवर मात्र विसंबू नका. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून ऐकू येतं, पण मोबाइल आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर तिथवर पोचतच नाहीत. तुमच्या हेडफोनमध्ये छाती दाबणारा आवाज दुसऱ्याच्या फोनवर गायब असेल.

चौथी पायरी: उजेड आणि धुकं

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिरात जा. वर उन्हाने दगड तापलेला असतो आणि तुम्ही अरुंद जिन्याने तळघरात उतरता. मानसिंह तोमरांचा हा महाल, पण पुढे मोगलांनी तो कैदखाना म्हणून वापरला. पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. अंधार तळघराइतकाच आपल्या डोळ्यांतही असतो, हे तिथे कळतं.

गेममध्ये हेच करा. काळोखाच्या खोलीआधी एक लख्ख उजेडाची खोली ठेवा. देवघरात समईपाशी खेळणाऱ्याला थोडा वेळ थांबू द्या, मगच जिन्याकडे पाठवा. गोडोच्या कॅमेऱ्यात उजेडाप्रमाणे एक्सपोजर, म्हणजे चित्र किती उजळ दिसावं ते, बदलण्याची सोय आहे, ती अगदी संथ ठेवा. सगळीकडे सारखा अंधार केला तर खेळणारा स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवतो आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते. खोलीत एक तरी उजेडाचा ठिपका हवा, म्हणजे बाकीचा अंधार अंधार वाटतो.

धुक्याची गोष्ट खास आहे. १९९९ साली प्लेस्टेशनवर सायलेंट हिल हा हॉरर गेम आला. त्या यंत्राला लांबपर्यंतचं शहर एका वेळी दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून कर्त्यांनी सगळीकडे धुकं आणि काळोख भरला. यंत्राची अडचण होती, तीच गेमची ओळख झाली. त्यात खेळणाऱ्याकडे एक छोटा रेडिओ असतो आणि काही जवळ आलं की तो खरखरतो. धुक्यात दिसत नाही, पण खरखर वाढते. आमच्या दूधवाल्याच्या बरण्यांसारखंच. तुमचा लॅपटॉप जुना असेल तर हे लक्षात ठेवा. चौकात धुकं भरा, पलीकडची ओसरी पुसट होऊ द्या. यंत्राचं ओझंही हलकं होईल.

पाचवी पायरी: एका वेळी एकच बदल

आपल्याकडे चकवा सांगतात. रात्री माणूस ओळखीच्या वाटेने निघतो, चालत राहतो, आणि फिरून त्याच झाडापाशी येतो. चकवा दिसत नाही, अंगावर येत नाही, फक्त वाट बिघडवतो. २०१४ साली आलेल्या पी.टी. या छोट्या गेममध्ये नेमकं हेच होतं: घरातला एक वळणाचा बोळ, त्याच्या टोकाचं दार उघडलं की पुन्हा तोच बोळ, दर खेपेला काहीतरी किंचित वेगळं. २०१५मध्ये तो प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून टाकला गेला, तरी माणसं अजून त्याबद्दल बोलतात. एका बोळाने एवढं काम केलं.

आपल्या वाड्यात दुसऱ्या रात्री काय बदलता येईल? देवापुढचा दिवा आपण लावायच्या आधीच लागलेला. जिन्याच्या पायऱ्या चौदाच्या पंधरा. खुंटीवर टोपी होती तिथे आता आजीचं लुगडं. बंबातलं पाणी आधीच ओतलेलं. यातले फार तर दोन निवडा, तेही एकामागून एक. तिन्ही-चारही घातले की खेळणारा बदल शोधायचा खेळ खेळू लागतो आणि भीती निघून जाते.

सहावी पायरी: जे आहे ते दाखवायचं की नाही

मुंजा, हडळ, खवीस, जखीण. आपल्याकडे भुतांची वाण नाही, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेलेला पोरगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही कल्पना भयाच्या आधी दुःखाची आहे. ते दुःख हाताळता येत असेल तरच मुंजा घ्या. पांढऱ्या साडीतली केस सोडलेली बाई कृपा करून घेऊ नका. ती कुठल्याच घरची नसते, म्हणून तिची भीतीही वाटत नाही.

पहिल्या गेममध्ये काहीच दाखवू नका असा माझा सल्ला. माजघराचं दार शेवटपर्यंत उघडू नये. झोपाळ्यावर कोण आहे हे खेळणारा स्वतःच्या मनात ठरवेल, आणि त्याच्या मनातलं तुमच्या ब्लेंडरच्या मॉडेलपेक्षा नेहमी भयंकर असेल.

पुढे कधी पाठलाग करणारं काही घालायचं झालं तर २०१४च्या एलियन आयसोलेशन या गेमचा अभ्यास करा. त्यात पाठलाग करणाऱ्या प्राण्याची बुद्धी दोन भागांत वाटलेली आहे. एका भागाला खेळणारा कुठे आहे हे कायम ठाऊक असतं, पण तो प्राण्याला फक्त इशारा देतो, अमुक भागात बघ. प्राणी तिथे जाऊन आपल्या डोळ्यांनी, कानांनी शोधतो. म्हणून तो फसवत नाही आणि तरी फार लांबही जात नाही.

दचकवणं म्हणजे भीती नव्हे. अचानक मोठा आवाज झाला तर कोणीही दचकेल, मंदिरातली घंटा कानाशी वाजवली तरी. तिसऱ्या वेळी शरीर सरावतं. दहा मिनिटांत फार तर एक ठेवा, आणि मी तर म्हणेन एकही नको.

सातवी पायरी: हातात थोडंच द्या, आणि दम खायला जागा

बंदूक दिली की खेळणारा अंधाराकडे निशाणा म्हणून पाहतो. २०१०च्या ॲम्नेशिया या गेममध्ये हत्यारच नाही. कंदील आहे, पण तेल संपतं. अंधारात राहिलं की पात्राचं मन ढासळतं, आणि उजेडात उभं राहावं तर कोणी पाहील. आपल्या नातवाच्या हातात काडेपेटी द्या, सात काड्यांची. एक काडी आठ सेकंद. बाकी किती उरल्या हे स्क्रीनवर आकड्यात दाखवू नका, पेटी हलवल्यावर जो खुळखुळाट होतो त्यावरून कळू द्या.

आणि एक जागा सुरक्षित ठेवा. १९९६च्या पहिल्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये टाइपरायटरच्या खोलीत गेलं की शांत सूर वाजतो, आणि खांदे आपोआप खाली येतात. सतत ताणलेली तार शेवटी ऐकूच येत नाही. आपल्याकडे ती जागा देवघर. तिथे काहीही वाईट घडवू नका, शेवटपर्यंत. खेळणाऱ्याचा तो एक भरवसा मोडला तर तो पुढे कशावरच विश्वास ठेवणार नाही, आणि मग शंका घ्यायलाही काही उरणार नाही.

आठवी पायरी: दुसऱ्याला खेळायला द्या

लखलखणारे दिवे घातले असतील तर ते सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकू देऊ नका. काही जणांना अशा चमकेने फीट येऊ शकते. सुरुवातीलाच तशी सूचना लिहा. आवाजाची कमाल पातळीही हेडफोनवर तपासून बांधून टाका.

तपासणीला निदान पाच माणसं बसवा. त्यांच्याशी बोलू नका, मदत करू नका. गेम कसा वाटला हे विचारूही नका, लोक भिडेखातर छानच म्हणतात. स्क्रीनऐवजी त्यांचे हात बघा. माउस कुठे थांबतो, कुठे मागे वळतात, कुठे उगाच त्याच खोलीत घुटमळतात, ते वहीत वेळेसकट टिपा. जिथे कोणीच थबकत नाही ती जागा पुन्हा बांधा.

आमच्या गेमची पहिली तपासणी आमच्याच घरी झाली. शेजारचा मुलगा खेळत होता, हेडफोन खराब होता म्हणून आवाज स्पीकरवर. आत्या पलीकडच्या खोलीत शेंगा सोलत होत्या. गेम काय आहे, कशाबद्दल आहे, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एवढा वेळ त्या झोपाळ्याची कर्र-कर्र ऐकत आपलं काम करत होत्या. मुलाने दुसऱ्या रात्रीचा अडसर घातला, कड्या खणकन वाजल्या आणि रिकाम्या पाटाचा हलका आवाज सुरू झाला.

आत्यांनी तिथूनच विचारलं, "कोण उठलं गं झोपाळ्यावरून?"

आमच्या घरातला झोपाळा काढून बरीच वर्षं झाली. मुलाचा हात माउसवरून खाली आला होता. मी वहीत वेळ लिहिली आणि त्या जागी पुढे काहीही बदललं नाही.